स्कूटरवरचे मूल हा पूर्ण प्रवासी आहे

आपल्याकडे स्कूटर हे एकट्या माणसाचे वाहन कधीच नव्हते. ती घरात येते ती घराची गाडी म्हणून. सकाळी मुलांना शाळेत सोडायचे, तिथून कामावर जायचे, परतताना भाजी-दूध-औषधे घ्यायची, संध्याकाळी क्लासला पोहोचवायचे, मधल्या वेळात सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचे, हे सगळे एकाच गाडीवर चालते. पुणे असो की कोल्हापूर, नागपूर असो की मडगाव, मध्यमवर्गीय आणि त्याखालच्या उत्पन्नगटातील असंख्य घरांचा दिवस या दोन चाकांवर उभा आहे. तरीही या गाडीवरच्या सर्वांत लहान माणसाचा विचार कोणी नीट केलेला नाही. कायद्याने तो उशिरा आणि अर्धवट केला, उत्पादकांनी जवळपास केलाच नाही, रस्ते आखणाऱ्यांच्या तो गावीही नाही, आणि आईवडील म्हणून आपणही मुलाला पुढे-मागे-मध्ये जिथे जागा मिळेल तिथे सामावून घेतो. स्कूटर सोडून द्या, असा उपदेश या कुटुंबांना करण्यात अर्थ नाही. पण स्कूटरवर बसलेले मूल हा मोठ्या माणसाइतकाच पूर्ण प्रवासी आहे, त्याला स्वतःची जागा, स्वतःचे हेल्मेट आणि स्वतःची सुरक्षितता मिळालीच पाहिजे, हे मान्य करण्याची वेळ केव्हाच येऊन गेली आहे.

स्कूटर कुटुंबाची गाडी कशी झाली, हे आधी पाहिले पाहिजे. १९६०च्या दशकात बजाजने इटलीच्या पियाजिओशी करार करून आकुर्डीत व्हेस्पा बनवायला घेतली. तो करार संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. परमिट-परवान्यांच्या त्या काळात नोंदणी केल्यानंतर गाडी हाती पडायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. एवढ्या प्रतीक्षेनंतर येणारी वस्तू एकट्याची राहणे शक्यच नव्हते. चेतकला गिअर डाव्या मुठीत होते आणि गाडी वजनाने भारी होती, त्यामुळे ती बहुतेक घरांत पुरुषच चालवत. खरा बदल झाला तो १९८०च्या दशकात, पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी मिळून बटण दाबताच सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर आणली तेव्हा. पुढे २००१ मध्ये होंडाची ‘अ‍ॅक्टिव्हा’ आली आणि बिनगिअरची स्कूटर घराघरांत पोहोचली. बजाजने २००९ मध्ये स्कूटर बनवणे थांबवण्याचा निर्णय घेतला आणि २०२० मध्ये तेच चेतक नाव विजेवरच्या गाडीसाठी परत आणले, कारण स्कूटरची गरज संपलेली नव्हती. २०११च्या जनगणनेत देशातील २१ टक्के घरांकडे दुचाकी होती, तर मोटार जेमतेम पावणेपाच टक्के घरांकडे. पुढच्या दहा वर्षांत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीपर्यंत दुचाकी असलेल्या घरांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले आणि मोटार साडेसात टक्क्यांवर राहिली. दुचाकी आहे पण मोटार नाही, अशा घरांतील मुले शाळेत कशी जातात याचे उत्तर या आकड्यांत आहे.

ही निवड अडाणीपणाची नाही, पूर्ण विचारान्ती केलेली आहे. घर चालवणाऱ्या व्यक्तीचा प्रवास घर ते कार्यालय आणि परत असा सरळ नसतो. तो शाळा, बँक, मंडई, किराणा, पाळणाघर असा तुकड्यातुकड्यांचा असतो आणि त्यातील प्रत्येक तुकड्याला वेळेची मर्यादा असते. बस दर थांब्याला दहा-पंधरा मिनिटे वाट पाहायला लावत असेल, तर पाच तुकड्यांच्या प्रवासात तास-सव्वा तास नुसता उभ्याने जातो. रिक्षा प्रत्येक तुकड्याचे वेगळे भाडे घेते. आणि हा तुकड्यांचा प्रवास आपल्या समाजात बहुतांशी बायकांच्या वाट्याला येतो. नवऱ्याच्या किंवा भावाच्या सवडीची वाट न पाहता घराबाहेर पडण्याची, नोकरी धरण्याची, स्वतःच्या पैशाने स्वतः बाजार करण्याची सोय या स्कूटरने लाखो स्त्रियांना दिली. मेट्रोच्या स्थानकापर्यंत आणि एसटी स्टँडपर्यंत पोहोचवणारीही बऱ्याचदा तीच असते. म्हणून कुटुंबाच्या स्कूटरकडे निष्काळजीपणा म्हणून पाहणारी मोटारवाल्यांची नजर मला मान्य नाही. जिच्यावर एवढे अवलंबून आहे ती गाडी निकृष्ट सुरक्षिततेची असावी, हे मात्र मुळीच मान्य करता येणार नाही.

कारण मुलाच्या अंगाने पाहिले तर स्कूटर आजही अपुरीच आहे. पुढच्या सपाट पायठेवणीवर मूल उभे राहते तेव्हा त्याचा चेहरा हँडलच्या आणि आरशांच्या पातळीवर असतो. ब्रेक जोरात लागला की चालवणाऱ्याचे अंग मागून त्याच्यावर येते आणि समोर लोखंड असते. आधारासाठी मूल जे पकडते तो कधीकधी अ‍ॅक्सिलरेटरच असतो. विजेवरच्या स्कूटरमध्ये तर इंजिनाचा आवाज नसल्यामुळे गाडी सुरू आहे की बंद, हे मुलालाच काय, शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही. मागे बसवावे तर लहान मुलाचे पाय पावदानापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे सीटवर त्याला फक्त हातांचा आधार उरतो आणि सकाळच्या झोपेत तो सुटतो. पाठीवरचे जड दप्तर त्याला गतिरोधकावर मागे खेचते. ते पाठीवरून काढून पुढच्या हुकाला लावावे, एवढी साधी गोष्टही आपण पाळत नाही. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन एका बाजूला पाय सोडून बसलेल्या आईचे दोन्ही हात बाळात गुंतलेले असतात, म्हणजे गाडीला धरायला तिच्याकडे काहीच नसते. मागच्या प्रवाशासाठी पकडायला मूठ, पाय ठेवायला पावदान आणि चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे साडीगार्ड असावे, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२३व्या नियमात आहे. ती मोठ्या माणसाच्या मापाने केलेली आहे. पाच वर्षांच्या मुलाचे हात-पाय किती लांब असतात, याचा विचार त्यात नाही.

कायद्याने मुलाकडे अलीकडेच लक्ष दिले. मोटार वाहन कायद्याच्या १२८व्या कलमाप्रमाणे दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती, तीही चालकाच्या मागे, पक्क्या बसवलेल्या सीटवर बसू शकते. वयाची सवलत तिथे नाही. म्हणजे पुढे उभे केलेले मूल कायद्याच्या बाहेर आहे. २०१९च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे झाले. चार वर्षांखालील मुलांसाठीचे नियम १५ फेब्रुवारी २०२२ रोजी अधिसूचित झाले आणि वर्षभराने लागू झाले. मूल चालकाला पट्ट्यांनी बांधलेले असावे, तो पट्टा ३० किलोपर्यंतचे वजन पेलणारा असावा, नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाच्या डोक्यावर मापाचे हेल्मेट असावे, त्यासाठी ठरावीक मानकाचे सायकलचे हेल्मेटही चालेल, आणि मूल बरोबर असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये, असे हे नियम आहेत. नियम चांगले आहेत. पण असा पट्टा लावलेले मूल आपल्या रस्त्यांवर शोधूनही सापडत नाही, आणि असा नियम आहे हे बहुसंख्य पालकांच्या कानावरही आलेले नाही. दुचाकीवर बसलेले मोठे माणूस बिनहेल्मेट दिसले तर चलान फाटते. त्याच गाडीवरच्या मुलाच्या उघड्या डोक्याकडे पोलीस, शिक्षक, शेजारी, सगळेच कानाडोळा करतात.

याची किंमत किती मोठी आहे, हे केंद्र सरकारच्याच अहवालात नोंदलेले आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यातील ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजार २९ होती आणि त्यातले १४ हजार ३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्याला हेल्मेट कशाला, या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर असू शकत नाही. दुसरीकडे, जगभरातील अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा आहे की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आम्ही जवळच जातो, हळू चालवतो, असा युक्तिवाद यावर नेहमी केला जातो. हळू म्हणजे किती, हे भौतिकशास्त्राला विचारावे. ताशी ३० किलोमीटर वेगातील शरीर कठीण वस्तूवर आदळते तेव्हाचा आघात सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून, म्हणजे एका मजल्याहून अधिक उंचीवरून पडण्याएवढा असतो. ताशी ४० किलोमीटरला ही उंची सव्वासहा मीटर होते आणि ६० ला चौदा मीटर. वेग दीडपट झाला की आघात सव्वादोन पट होतो. चार वर्षांखालच्या मुलासाठी ४० ची मर्यादा घातली ती याच गणिताने, आणि शाळेच्या गल्लीतले ३० किलोमीटरही मुलाच्या कवटीला सोपे नाहीत.

मुलांना वगळून केलेली सक्ती अपुरी कशी पडते, हे व्हिएतनामने दाखवून दिले आहे. आपल्यासारखाच तोही दुचाकीवर चालणारा देश. १५ डिसेंबर २००७ पासून तिथे सर्व रस्त्यांवर, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला हेल्मेट सक्तीचे झाले. मोठ्या माणसांमध्ये वापर लगेच नव्वद टक्क्यांच्या वर गेला, आणि रुग्णालयांतील नोंदींच्या अभ्यासात डोक्याच्या दुखापतींचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पण मुले बरीच मागे राहिली. कारणे दोन होती. लहान मुलाच्या डोक्यावर हेल्मेट नसले तर दंड कोणाला करायचा, हे कायद्यात स्पष्ट नव्हते. आणि हेल्मेटच्या वजनाने मुलाच्या मानेला इजा होते, अशी समजूत पालकांत पसरली होती. सरकारने २०१० मध्ये सहा वर्षांवरील मुलाला बिनहेल्मेट नेणाऱ्या मोठ्या माणसाला दंड लावला, आणि सामाजिक संस्थांनी शाळांमधून हलकी हेल्मेट वाटली. आपल्याकडे मानेची शंका आजही घेतली जाते आणि तिचे उत्तर सरळ आहे. मोठ्याचे हेल्मेट मुलाला घातले तर ते जड पडते, डोळ्यांवर येते आणि आपटल्यावर निघून जाते. म्हणून डोक्याचा घेर मोजून मुलाच्या मापाचे घ्यावे, हनुवटीखालचा पट्टा बोट-दीड बोट सैल राहील इतका आवळावा. हलक्या, मापाच्या हेल्मेटची तक्रार मूल काही दिवस करते, मग ते त्याच्या सवयीचे होते.

यावर पहिला आक्षेप असा की आधी रस्ते नीट करा, मग आम्हाला हेल्मेट सांगा. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्ती कडक झाली तेव्हा हा मुद्दा मोर्चे काढून मांडला गेला. त्यातला राग खरा आहे. स्कूटरची चाके दहा-बारा इंचांची असतात, मोटारसायकलच्या सतरा-अठरा इंची चाकांपेक्षा ती खड्ड्यात अधिक खोल जातात आणि तोल लवकर जातो. खड्डेमुक्त रस्ते हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितले आहे. म्हणूनच ही मागणी कुटुंबाच्या वतीने आणखी जोराने केली पाहिजे. पण रस्ता खराब आहे हे हेल्मेट घालण्याचे कारण आहे, न घालण्याचे नव्हे. आणि स्वातंत्र्याचा मुद्दा मुलाला लागूच होत नाही. प्रौढ माणूस स्वतःच्या डोक्याबद्दल जोखीम घेईल आणि तिची जबाबदारीही घेईल. मूल जोखीम निवडत नाही, ती त्याच्या वतीने निवडली जाते. सक्तीला कायम विरोध करणाऱ्यांनीही मुलांच्या हेल्मेटसाठी पुढे यावे, कारण यात त्यांच्या तत्त्वाला कुठेही बाधा येत नाही.

दुसरा आक्षेप शहर नियोजनाच्या अभ्यासकांचा आहे. कुटुंबाची स्कूटर सुरक्षित करण्यावर खर्च करण्यापेक्षा बस वाढवा, पायी आणि सायकलने शाळेत जाता येईल असे रस्ते करा, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. जवळच्या शाळेत चालत जाणारे मूल आणि वेळेवर येणारी बस यांच्यासारखा उपाय नाही. पुण्यात पीएमपीची बस पाच मिनिटांनी येऊ लागली, मेट्रोपर्यंत पदपथ सलग झाला, तर स्कूटरवरच्या कितीतरी फेऱ्या आपोआप कमी होतील. पण बस येईपर्यंतची वर्षे ही आजच्या मुलांची शाळेची वर्षे आहेत. आज पहिलीत असलेले मूल दहावीला जाईपर्यंत त्याला थांबायला सांगणे म्हणजे त्याला या हिशेबातून काढून टाकणे होय. शिवाय दोन्ही कामांत विरोध नाही. शाळेसमोरचा वेग कमी करणारा उंच पादचारी मार्ग, गाड्या उभ्या करण्यासाठी आखलेली जागा, मुलाला पदपथाच्या बाजूने उतरवण्याची सोय ही चालणाऱ्या मुलाचीही गरज आहे आणि स्कूटरवरून येणाऱ्याचीही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे, कारण तो गरजेतून येतो. आईवडील आणि एक मूल असे तिघे जण एकाच गाडीवर जाणार नाहीत तर जाणार कसे? केरळने २०२३ मध्ये रस्त्यांवर कॅमेरे बसवले तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. तिथल्या सरकारने बारा वर्षांखालील मूल तिसरे असेल तर दंड न करण्याची भूमिका घेतली आणि केंद्राकडे सवलत मागितली. केंद्राने ती दिली नाही. केरळने प्रश्न योग्य विचारला, उत्तर मात्र चुकीचे काढले, असे मला वाटते. दोन मोठ्या माणसांच्या मध्ये दाबून बसवलेल्या मुलाला धरायला काही नसते, मागचे माणूस सीटच्या टोकावर सरकते आणि वाढलेल्या वजनाने गाडी थांबायला अधिक अंतर लागते. कायद्याने ही जागा मान्य केली तर ती सुरक्षित होणार नाही, फक्त दंडमुक्त होईल. पण नुसते चलान फाडणे हेही उत्तर नाही. ज्या फेरीला तिघांना एकत्र जायचे असते ती बहुधा संध्याकाळची, सुटीच्या दिवसाची, लग्नाकार्याची असते, आणि नेमक्या त्याच वेळी बस कमी धावतात. रात्रीच्या आणि रविवारच्या बसफेऱ्या वाढवणे हा ट्रिपलसीट कमी करण्याचा कोणत्याही कॅमेऱ्याहून परिणामकारक मार्ग ठरेल. रोजच्या फेरीत मात्र एक मोठे माणूस आणि एक मूल, मागच्या सीटवर, पट्ट्याने बांधून, हा दंडक घरोघरी पाळता येण्यासारखा आहे.

मग खर्चाचे काय? मूल वाढते, हेल्मेट दोन-तीन वर्षांनी लहान होते, आणि महिन्याचा हिशेब काटकसरीने करणाऱ्या घराला पुन्हा पुन्हा खरेदी परवडत नाही, ही अडचण खोटी नाही. म्हणूनच हा भार एकट्या पालकावर टाकता कामा नये. नवीन दुचाकी विकताना उत्पादकाने मानक हेल्मेट द्यावे, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १३८व्या नियमात आधीच आहे. त्यात मुलाच्या मापाचे हेल्मेट आणि पट्टा घेण्याचा पर्याय ग्राहकाला मिळावा. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला गेला. गाडी स्वस्त करणाऱ्या सरकारने त्या गाडीवरच्या मुलाच्या हेल्मेटवरचा कर पूर्ण माफ केला, तर तिजोरीला त्याची झळ जाणवणारही नाही. ब्रेकच्या बाबतीत सरकारने एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा सक्तीची केली आणि उत्पादकांनी ती बसवली. म्हणजे सरकारने ठामपणे सांगितले तर कारखाने बदल करतात. मुलाच्या पायांसाठी वर-खाली होणारे पावदान, त्याच्या हातात बसेल अशी मूठ आणि पट्टा अडकवण्याची पक्की जागा, हे काही रॉकेटशास्त्र नव्हे. कुटुंबाची छायाचित्रे लावून कुटुंबालाच गाड्या विकणाऱ्या उद्योगाचे ते कर्तव्य आहे.

सर्वांत लवकर फरक पाडू शकतील त्या शाळा. शालेय बससाठी महाराष्ट्रात २०११ पासून स्वतंत्र नियमावली आहे आणि शाळा तिच्या अंमलबजावणीत सहभागी असतात. स्कूटरवरून येणाऱ्या मुलांसाठी मात्र तशी कसलीच व्यवस्था नाही. गणवेश, डबा, ओळखपत्र तपासणाऱ्या शाळेने हेल्मेटही तपासावे, ते ठेवायला वर्गाबाहेर एक मांडणी करावी, लहान झालेली पण न आपटलेली हेल्मेट धाकट्या मुलांना देण्याची सोय पालक-शिक्षक संघाने करावी. वाहतूक पोलिसांनी महिन्यातले काही दिवस शाळेच्या वेळी शाळेसमोर उभे राहावे. पहिल्यांदा समज द्यावी आणि कुठे काय मिळते ते सांगावे, दुसऱ्यांदा दंड करावा. आरटीओने अपघातांच्या आकडेवारीत मागे बसलेल्या मुलांची वयोगटानुसार वेगळी नोंद जाहीर करावी, कारण ज्याची मोजणी होत नाही त्याच्यासाठी निधीही मिळत नाही.

आईवडील मुलासाठी काय करत नाहीत? फीसाठी कर्ज काढतात, क्लाससाठी शहर ओलांडतात, पावसात भिजत गेटवर उभे राहतात. या प्रेमाबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. ते प्रेम डोक्यावरच्या मापाच्या हेल्मेटपर्यंत पोहोचत नाही, कारण आजवर कोणी ते सवयीचे, स्वस्त आणि अपेक्षित केले नाही. ही तिन्ही कामे करण्यासारखी आहेत आणि त्यांना मेट्रोसारखी हजारो कोटी रुपयांची गरज नाही. येत्या जूनमध्ये शाळा सुरू होतील तेव्हा राज्य सरकारने, महापालिकांनी आणि शाळांनी एवढे ठरवावे की पुस्तकांच्या यादीबरोबर हेल्मेटची सूचनाही घरी जाईल आणि तिची अंमलबजावणी शाळेच्या दारात होईल. आणि पालकांनी त्यासाठी जूनची वाट पाहू नये. मुलाचे पुढे उभे राहणे उद्या सकाळपासून बंद करता येते.